शिदू पत्रीवाल्याची तिकटी

शिदू, तू गेल्याचं मला पांडूतात्याच्या हॉटेलात कळलं. अर्धा चहा पोटात होता, अर्धा कपात. तात्या फडक्यानं बाक पुसत म्हणाला, "सायेब, शिदू गेला की. काल सकाळी छातीत कळ आली आन बसल्या जागी गेला. तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?" मी म्हटलं, नाही. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "तुमाला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नसंल. तुमचं बोलणं न्हवतं न्हवं."

खरं आहे. आपलं दीड वर्ष बोलणं नव्हतं. म्हणून तुझ्या मातीलाही मी नव्हतो. ज्या माणसाबरोबर तीन वर्षं रोज दुपारी एका चिंचेखाली बसून भाकरी खाल्ली, त्याला लोक खांद्यावरून नेत होते, तेव्हा मी कुपवाडच्या रस्त्याला गटाराची पातळी बघत होतो. तू असतास तर म्हणाला असतास, "बघा बघा, पातळीच बघा तुमी."

आज तुझं उत्तरकार्य झालं. मी मागं बसलो, पान वाढलं ते तसंच ठेवून उठलो. तिथून तिकटीवर गेलो, आणि तिकटीवरून खोलीवर येऊन हे लिहायला घेतलंय. तिकटीवर काय झालं ते शेवटी सांगतो, आधी सांगायला धीर होत नाही. तुला वाचता येत नव्हतं, ही गोष्ट आज मला फार सोयीची वाटते आहे.

आपली ओळख दुष्काळातली. त्या साली लोकांनी दावणीची जनावरं छावणीला नेऊन बांधली, नाहीतर डोळे पुसत कुणाच्या तरी हवाली केली. बैलच नाहीत तर पत्री मारायची कुणाच्या खुराला? म्हणून तू माझ्या कामावर खडी फोडायला आलास. मी साताऱ्याहून नुकता बदलून आलेला ओव्हरसिअर, डोक्यावर टोपी, हातात हजेरीची वही. नाव विचारलं, तर म्हणालास, "शिदू पत्रीवाला." मी म्हटलं, आडनाव सांग. तू म्हणालास, "त्येच लिवा. आडनावानं मला बैलबी वळखत न्हाई." मी चिडलो. मला पहिल्यापासून फार लवकर चिडता येतं. मग दगड कुठल्या बाजूनं फोडावा हे मी तुला शिकवायला लागलो, आणि तू गुमान हातोडा माझ्या हातात दिलास. "मारा. म्या बगतो."

माझा अंगठा आठ दिवस काळानिळा होता. तू कसलासा पाला ठेचून त्यावर बांधलास आणि हसला नाहीस. त्या न हसण्याबद्दल मला तुझा फार आदर वाटला होता. पुढं कधीतरी गौरावहिनींनी फोडलं, की घरी जाऊन त्यांना ते सांगताना तू लोळून लोळून हसला होतास.

पाऊसपाणी झालं, दावणी पुन्हा भरल्या, तू परत तुझ्या चिंचेखाली जाऊन बसलास, आणि माझ्या वाट्याला नेमकी तीच तिकटी आली. एक रस्ता सांगलीला, एक माधवनगरच्या गिरणीकडं, एक कुपवाडला. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा सुटायचा. त्यात एस.टी. घुसायची, कुपवाडच्या नव्या शेडांकडं निघालेले ट्रक घुसायचे, आणि जतकडनं आलेला मेंढरांचा कळप बरोब्बर मधोमध बसकण मारायचा. ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसायचे, मेंढरं ढिम्म. तू बसल्या जागेवरून ओरडायचास, "आरं, मेंढराला भोंगा कळत आसता तर त्ये गिरणीतच न्हाई का लागलं?"

तिकटीचा इतिहास मला तूच सांगितलास. तुझा आजा मेंढरांमागं चालत जतकडनं आला तेव्हा इथं रस्ता म्हणावा असं काही नव्हतं. गाड्यांच्या चाकोऱ्या एकमेकींना कापून जायच्या आणि तिथं एक दगडी डोण होती, जनावरांना पाणी पाजायची. पाण्याला बैल थांबायचे. थांबलेल्या बैलाचा पाय बघायला सोपा पडतो, म्हणून आजानं मिरजेच्या एका नालबंदाकडं काम शिकून घेतलं आणि चिंचेखाली बसला. पत्री मारून होईपर्यंत गाडीवान करणार काय? म्हणून चहाचं हॉटेल निघालं. हॉटेल आहे म्हणून एस.टी. थांबायला लागली. एस.टी. थांबते म्हणून सायकलवाला आला, पानवाला आला, केस कापणारा आला. "म्हंजे ह्यो समदा घोळ आमच्या आजानं घातलेला हाय, सायेब. तुमच्या फायलीत लिवा तसं." मी लिहिलं नाही. माझ्या फायलीत इतिहास या मथळ्याखाली फक्त रस्त्याची रुंदी होती.

बायको गेल्यापासून साताऱ्याच्या घराला मी कुलूप घातलंय. इथं सांगलीत एक खोली आणि खानावळीचा डबा. दुपारी तो डबा घेऊन मी तुझ्याकडं यायचो. झाकण उघडलं की तू नाक मुरडायचास, माझी पोळी समोरच्या बैलाला घालायचास आणि तुझी ज्वारीची भाकरी अर्धी मोडून माझ्या पुढ्यात टाकायचास. मी खाऊन वर वाद उकरून काढायचो. सांगलीचं ऊन, सांगलीचं पाणी, सांगलीचे डास, सगळ्याला नावं ठेवायचो. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "तुमी सातारकर डोंगर बघून बघून मान वर करून चालताय. जरा खाली बघा. खुरं खाली आसत्यात."

मला तुझं काम बघायला आवडायचं. बैल पाडणं म्हणजे खेळ नाही. पायांना दोर, एक हिसका, आणि एवढं धूड धप्पदिशी आडवं. पण दोराला हात लावायच्या आधी तू बैलाच्या कानाशी तोंड न्यायचास आणि म्हणायचास, "पाडतो रं गड्या. राग धरू नगो." दर बैलाला. गाडीवान घाई करायचे, बघणारे हसायचे, तरी सांगितल्याशिवाय तू पाडला नाहीस. मी एकदा विचारलं, त्याला काय कळतं? तू म्हणालास, "त्येला कळंल न कळंल. म्या सांगितलंय ह्ये मला म्हायती पायजे." मग खुरं साळायची, चार पायांना मिळून आठ पत्र्या ठोकायच्या, दोर सोडायचे. बैल उठून अंग झाडायचा आणि तू त्याच्या पाठीवर दोन थापा मारायचास. "जा. नीट जा." मी सायकलवर टांग मारली की मलाही हेच. थापा तेवढ्या नसायच्या. ओव्हरसिअरला थापा कशा मारायच्या!

मग वरून कागद आला. तिकटी मोकळी करा, मधोमध गोल बांधा, सगळी रहदारी डावीकडून फिरवा. आणीबाणीचे दिवस. वरून आलेल्या कागदाला उलट विचारायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्या अंगात तेवढी रगही नव्हती. आधी वाहनं मोजा म्हणाले. मी तात्याच्या बाकावर बसून आठवडाभर मोजली. महिना भाद्रपद. साखर कारखान्याचं धुराडं गार, गाड्या आडोशाला लावलेल्या, बैल रानात. तू येऊन माझ्या खांद्यावरून वहीत डोकावलास.

"ह्ये एक घर रिकामंच दिसतंय. कशाचं?"

"बैलगाडीचं," मी म्हटलं.

"आवं, भादव्यात गाड्या मोजायच्या आन हंगामात रस्ता वापरायचा? उनाळ्यात नदी बघून पूल बांधल्यागत झालं की ह्ये!"

मी म्हणालो, कागदाला तारीख असते. तू म्हणालास, "आन उसाला नसती व्हय?"

तू बरोबर बोलत होतास. ते मला त्याच क्षणी कळलं होतं, शिदू. आज पहिल्यांदा कबूल करतोय. कळलं होतं, आणि मी वही मिटली आणि विषय बदलला.

नकाशा लोकांना दाखवायला आपण चिंचेखालीच टेबल टाकलं होतं. हरकत असेल त्यानं बोलावं. तात्यानं दोन हात जागा मागितली, सायकलवाल्यानं सावली मागितली. तू सगळ्यात शेवटी उठलास. म्हणालास, गोल बांधा, माझं काही म्हणणं नाही, पण डोणीच्या अंगाची जुनी चाकोरी तेवढी सरळ मोकळी ठेवा. एक गाडी जाईल एवढी. मी विचारलं, का?

"गाडीवान झोपल्याला आसतोय, सायेब. पाटंपास्नं ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. दुपारी उन्हाचं बसल्या बसल्या डोळा लागतोय. बैलाला वाट पाठ हाय, त्यो नेतोय त्येला कारखान्याला. तुमचा गोल मधी आला तर त्यो काय पाटी वाचून वळणार हाय? त्येची वाट सरळ हाय. त्यो सरळच जाणार."

लोक हसले. मला हसू आलं नाही, मला राग आला. कारण तू मागत होतास ती चाकोरी तुझ्या चिंचेला घासून जात होती. चाकोरी राहिली तर चिंच राहणार, चिंच राहिली तर तुझी जागा राहणार. मी नकाशावर पट्टी आपटली आणि म्हणालो, "बैलांच्या आडून स्वतःची जागा राखू नकोस, शिदू. उठायचं नाही असं सरळ सांग की."

तात्या घाईघाईनं कप गोळा करायला लागला, भरलेलेसुद्धा. तू माझ्याकडं बघितलंस. तुझा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. तू नुसतं "बरं" म्हणालास, टोपी झटकून डोक्यावर घातलीस आणि चालायला लागलास. मी सायकलवर बसलो तेव्हा मागून कुणी काही म्हणालं नाही. बैलाला पाडतानासुद्धा तू आधी सांगायचास, आणि मी तुला चारचौघांत आडवं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे खुंटे उपटलेले होते. तूच उपटलेस. दोर, हातोडी, पत्र्यांचा डबा, सगळं डोक्यावर घेऊन कुपवाडच्या रस्त्याला जाऊन बसलास. तिथं बैल कमी आणि ट्रक जास्त. वैशाखात चिंच पडली तेव्हा तू फिरकला नाहीस. डोण सांभाळून कडेला ठेवा म्हणून मी दहादा बजावलं होतं. ती उचलताना दुभंगली.

दसऱ्याच्या सुमाराला गोल तयार झाला. भोवती कठडा, आत माती, मातीत चार रोपं. मोठे साहेब येऊन फीत कापून गेले. दिवाळी झाली, धुराडं पेटलं, गाड्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस गाडीवान नवलाईनं जागे राहिले. मग दमले. एका दुपारी मी तात्याच्या बाकावर डबा उघडून बसलो होतो, तर माधवनगरकडनं उसानं भरलेली गाडी आली. गाडीवानाची मान छातीवर. बैल आपले शांतपणे चालत होते, सरळ, तू सांगितलेल्या वाटेनं. मी उठून ओरडलो. बैलांनी माझं ओरडणं मनावर घेतलं नाही. एक चाक कठड्यावर चढलं आणि गाडी कलंडली.

गाडीवान उसावर पडला म्हणून वाचला. एक बैल जूखाली सापडला. तू कुठून धावत आलास देव जाणे. बैलांच्या गळ्यातल्या, जूला बांधलेल्या जुपण्या विळ्यानं कापल्यास, बैलाचं डोकं मांडीवर घेतलंस. त्याचा पुढचा पाय मोडला होता, आणि त्याच खुराची पत्री, तूच ठोकलेली, उन्हात चकाकत होती. मी चार हातांवर उभा होतो. मला वाटलं, आता तू बोलणार. बोल, म्हण सगळ्यांसमोर, सांगितलं हुतं न्हवं सायेब! मी ते ऐकायला उभा होतो. तू एकदा वर बघितलंस आणि परत बैलाच्या तोंडावरचा फेस पुसायला लागलास.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची भाकरी झाली की तू गोलापाशी हजर. भरलेली गाडी आली की पुढं व्हायचास, जूवर हात ठेवून बैल थांबवायचास, आतल्या बैलाचा पुढचा पाय उचलून पत्री बघायचास, कानाशी काहीतरी बोलायचास, आणि डावीकडून वळसा घालून पलीकडं सोडायचास. दोन थापा. बऱ्याचदा गाडीवानाला याचा पत्ताही नसायचा. तुला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. तू जाईपर्यंत, रोज. मीही रोज यायचो. गोलाच्या एका अंगाला तू, दुसऱ्या अंगाला बाकावर मी, मधे माझी चार रोपं, त्यातली तीन वाळलेली. डब्यातला घास तोंडात फिरत राहायचा. एकट्यानं जेवायची सवय मला बायको गेल्यावर झाली होती. ती तू मोडलीस, आणि परत नव्यानं लावून घेणं फार अवघड गेलं, शिदू.

रोज ठरवायचो. उठायचं, वीस पावलं चालायची आणि म्हणायचं, चुकलं माझं. काय अवघड होतं त्यात? चाकोरी मोकळी करून द्यावी म्हणून मी वर कागदसुद्धा पाठवला. उत्तर आलं, की नुकतंच झालेलं काम फोडता येणार नाही. तेवढं सांगायला तरी तुझ्याकडं यायला हवं होतं. पण ते सांगायचं तर तू बरोबर होतास, हे आधी सांगावं लागलं असतं. म्हणून मी काय केलं असेल? मलकापूरला बदली मिळावी असा अर्ज केला. तिकटीच नको, म्हणजे तूही समोर नको. ती बदली परवा मंजूर होऊन आली. आता मी तिला काय करू?

आज कार्य आटोपल्यावर मी गौरावहिनींना विचारलं, "शिदू माझ्याबद्दल काही म्हणायचा का?" मला काय ऐकायचं होतं ते तुला कळलं असेल. वहिनींनी पदर सावरला आणि सरळ सांगितलं, "रागावलं हुतं. लय रागावलं हुतं, सायेब. आजच्या दिशी खोटं कशाला बोलू?"

मी मान हलवली. त्या पुढं म्हणाल्या, "लोकांत म्हणायचं, चौक झ्याक झालाय, सायबानं चांगला बांधलाय. घरात मातुर तुमचं नाव काढू देत न्हवतं."

याचं मी काय करावं ते सांग. घरात शिव्या दिल्या असत्यास आणि लोकांतही दिल्या असत्यास, तर मला आज नीट रडता तरी आलं असतं. मी तुला चारचौघांत खाली पाडलं आणि तू मला चारचौघांत सांभाळून घेत राहिलास. रागावलेला असताना.

तिथून निघालो ते पाय तिकटीकडंच वळले. दुपारची वेळ. तू गेल्यापासून दुपारचा मी इकडं फिरकलो नव्हतो, गाड्यांचं कसं चाललंय तेही कुणाला विचारलं नव्हतं. तुझ्या नेहमीच्या जागेवर कुणी नव्हतं. माधवनगरकडनं भरलेली गाडी येत होती, गाडीवान मान टाकून झोपलेला. मी धावणार, तेवढ्यात बैल गोलापाशी येऊन आपोआप थांबले. कठड्याच्या हातभर अलीकडं, तू थांबवायचास तिथंच. मागं ट्रकनं हॉर्न दिला. एस.टी. थांबली, सायकली थांबल्या. बैल हलेनात. आतल्या बैलानं पुढचा पाय उचलून धरला आणि तसाच उभा राहिला.

तात्या हॉटेलातून बघत होता. सायकलवाला बघत होता. सगळी तिकटी बघत होती, त्या दिवशी नकाशाभोवती होती तेवढीच माणसं. मी पुढं झालो आणि जूवर हात ठेवला. मला बैलाचं भ्या वाटतं, तुला ठाऊक आहे. वाकलो, मान खाली घातली, पाय हातात घेतला. खूर गरम होतं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जड. पत्री झिजून पातळ झालेली, पण खिळे घट्ट होते. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं. तुझं तिथं काय बोलणं व्हायचं मला माहीत नाही. मी माझं बोललो, आणि हळू बोललो नाही. तात्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "चुकलं माझं, गड्या. राग धरू नको."

पाय खाली ठेवला. डावीकडून वळसा घालून त्यांना पलीकडं घेऊन गेलो. मधेच गाडीवानानं डोळे न उघडता विचारलं, "शिदूआण्णा, कारखाना आला व्हय रं?"

"अजून न्हाई," मी म्हणालो. "झोप."

उद्या मी मलकापूरला कळवणार आहे, की कारखान्याचं धुराडं विझेपर्यंत मला इथून हलता येणार नाही. कारण विचारलं तर काय लिहायचं ते बघू.

पलीकडं रस्ता सरळ होता. मी बैलाच्या पाठीवर दोन थापा मारल्या. त्या काही तुझ्यासारख्या पडल्या नाहीत.

"जा," मी म्हणालो. "नीट जा."